मित्राची फौज निघते तेव्हा शेजारी काय करतो? कोरिया-जपानच्या उदाहरणावरून अभ्यासाची रीत

1971 च्या मार्चपर्यंत अमेरिकेची सातवी पायदळ डिव्हिजन दक्षिण कोरियातून निघून गेली. देशातले अमेरिकी सैनिक सुमारे 20 हजारांनी कमी झाले. पुढे 1977 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी उरलेलं सगळं भूदलही चार-पाच वर्षांत परत आणण्याचं जाहीर केलं, पण ती योजना अर्ध्यावरच गुंडाळावी लागली आणि प्रत्यक्षात गेले ते साडेतीन हजारांच्या आसपास. आता समुद्रापलीकडच्या जपानचं सुरक्षा धोरण उघडून पाहा. खोल ठसा दिसतो तो या दुसऱ्या, फसलेल्या माघारीचा.

सैन्यमाघारीवर लिहिणारे बहुतेक जण आकड्यांपासून सुरुवात करतात आणि तिथेच घसरतात. शेजारी देश सैनिक मोजत बसत नाही, तो मित्राचा शब्द किती टिकेल ते जोखतो. ही जोखणी कागदावर कशी पकडायची, याची रीत पुढे दिली आहे. संरक्षणशास्त्राचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेचे उमेदवार आणि परराष्ट्र घडामोडींवर लिहिणारे पत्रकार यांना ती कुठल्याही माघारीला लावता येईल. कोरिया-जपान हे उदाहरण निवडलं, कारण यजमान (दक्षिण कोरिया) तोच, शेजारी (जपान) तोच, मित्रही (अमेरिका) तोच. माघारी मात्र दोन. इतकी सोयीची तुलना सहसा मिळत नाही.

पायरी 1: तारखांचे चार रकाने करा

कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: कुजबुज, जाहीर घोषणा, लेखी निर्णय, प्रत्यक्ष हालचाल. माघार रद्द झाली किंवा लांबली असेल तर पाचवा रकाना त्यासाठी. कार्टर यांची माघार भरली की कागद असा दिसतो.

कुजबुज: 1975-76 चा निवडणूक प्रचार. कार्टर तेव्हापासूनच कोरियातलं भूदल काढण्याची भाषा करत होते. 1977 च्या जानेवारीत सत्तेवर येताच त्यांनी कोरियाविषयक धोरणाचा फेरआढावा मागवला आणि महिनाअखेरीस उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल टोकियोला गेले. त्या दौऱ्यात सोल नव्हतं, हेही टिपून ठेवा.

घोषणा: 9 मार्च 1977 ची पत्रकार परिषद.

लेखी निर्णय: 5 मे 1977 चा गोपनीय आदेश. 1978 अखेर एक ब्रिगेड, म्हणजे किमान 6 हजार सैनिक. जून 1980 पर्यंत दुसरी ब्रिगेड आणि साहाय्यक तुकड्या मिळून किमान 9 हजार. बाकीचे त्यानंतर.

हालचाल: एप्रिल 1978 मध्येच पहिला टप्पा आक्रसला. त्या वर्षाअखेर ब्रिगेडऐवजी एकच लढाऊ बटालियन जाईल असं ठरलं.

स्थगिती: 20 जुलै 1979. उत्तर कोरियाचं सैन्य आधीच्या अंदाजापेक्षा बरंच मोठं असल्याचं अमेरिकी गुप्तवार्ता विश्लेषणातून दिसलं होतं, ते 1979 च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत फुटलं आणि योजनेचा पायाच डळमळला.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे पाचवा रकाना पाहून ‘शेवटी फौज गेलीच नाही, मग परिणाम कसला?’ असं म्हणून वही मिटणं. शेजाऱ्याची धावपळ पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यांच्या दरम्यानच सुरू झालेली असते. जपानच्या बाबतीत 9 मार्च 1977 ते 20 जुलै 1979 हे सव्वादोन वर्षांहून थोडे जास्त दिवस हाच खरा अभ्यासाचा काळ. तारखांचा हा कागद पुढे प्रत्येक पायरीला लागतो, म्हणून तो नीट करा.

पायरी 2: जाणारी तुकडी काय काम करत होती ते लिहा

‘इतके हजार सैनिक’ ही नोंद पुरेशी नाही. कुठली तुकडी, कुठे तैनात, कोणत्या कामासाठी, हे हवं. कार्टर यांच्या योजनेतली मुख्य तुकडी होती दुसरी पायदळ डिव्हिजन. तिचे तळ सोलच्या उत्तरेला, दोंगदुचनच्या परिसरात होते. म्हणजे सीमेवरून राजधानीकडे येणाऱ्या रस्त्यांच्या तोंडावरच. सीमेपासून सोल जेमतेम 40-50 किलोमीटर.

ही डिव्हिजन लढाईत किती उपयोगी, यापेक्षा ती कुठे उभी होती याला महत्त्व होतं. मंदिराच्या घंटेला बांधलेल्या दोरीसारखी तिची गोष्ट. हल्ला करणारा पुढे सरकला की पाय दोरीत अडकणार आणि घंटा थेट वॉशिंग्टनमध्ये वाजणार. अमेरिकी सैनिक पहिल्या तासात मरणार असतील, तर अमेरिकेला ‘यात पडायचं की नाही’ हा विचार करायला सवडच उरत नाही. कार्टर यांच्या योजनेत हवाई दल कोरियातच राहणार होतं. लढाईची ताकद त्यामुळे बऱ्याच अंशी टिकली असती, पण विमान उडून जाऊ शकतं. दोरी कापली जाणार होती ती जमिनीवरची.

आता हीच तुकडी शेजाऱ्यासाठी काय करत होती ते वेगळं लिहा. जपानसाठी कामं तीन. एक, युद्ध द्वीपकल्पातच अडवून धरणं. बुसानपासून जपानचं त्सुशिमा बेट सुमारे 50 किलोमीटरवर आहे. दोन, जपानमधल्या अमेरिकी तळांना पिछाडीची भूमिका देणं. योकोता, योकोसुका, सासेबो, कादेना हे तळ कोरियाला रसद पुरवण्यासाठीही होते. आघाडी कोरियात आहे तोवरच ते पिछाडीचे. ओसरीवरचा माणूस उठला की आतल्याला दाराशी यावं लागतं. तीन, अमेरिका आशियात राहणार याची रोज डोळ्यांना दिसणारी खूण. तिसरं काम कुठल्याही लष्करी तक्त्यात सापडत नाही, त्यामुळे तेच लिहायचं राहून जातं.

पायरी 3: शेजारी जाहीरपणे काय म्हणाला, आणि का

टोकियोची जाहीर भूमिका साधी होती: हा अमेरिका आणि दक्षिण कोरिया यांच्यातला प्रश्न आहे. एवढंच वाचलं तर जपानला काही पडलेलीच नव्हती असं वाटेल. म्हणून शेजाऱ्याची जीभ कशाने बांधली आहे ते शोधा. जपानच्या राज्यघटनेचं युद्धाचा त्याग करणारं नववं कलम, संसदेत समाजवादी पक्षाचा विरोध आणि जोडीला दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाहीची बदनामी. ऑगस्ट 1973 मध्ये दक्षिण कोरियाच्या हेरांनी विरोधी नेते किम दे-जुंग यांना भर टोकियोतल्या हॉटेलातून पळवून नेलं होतं. त्या राजवटीच्या रक्षणासाठी अमेरिकी फौज ठेवा, असं जपानच्या पंतप्रधानाने उघड म्हणणं घरच्या राजकारणात परवडणारं नव्हतं.

मग खरं मत कुठे दिसतं? संयुक्त निवेदनाच्या वाक्यात. पंतप्रधान ताकेओ फुकुदा मार्च 1977 मध्ये वॉशिंग्टनला गेले. त्या वेळच्या निवेदनातल्या वाक्याचा आशय असा: अमेरिका दक्षिण कोरियाशी आणि जपानशीही सल्लामसलत करून, द्वीपकल्पातली शांतता धोक्यात येणार नाही अशा रीतीने पुढे जाईल. दोन ठिकाणी पेन्सिलने खूण करा. ‘जपानशीही’ हा शब्द सांगतो की ‘प्रश्न आमचा नाही’ म्हणणाऱ्याने चर्चेत स्वतःसाठी खुर्ची मिळवली. आणि ‘शांतता धोक्यात येणार नाही अशा रीतीने’ ही अट म्हणजे पुढे वेग कमी करायला ठेवलेली फट. माघार थांबवा असं कुठेही म्हटलेलं नाही, तरी थांबवण्याचं साधन वाक्यातच आहे.

निवेदनं एकेकटी वाचू नका, आधीच्या-नंतरच्यांशी लावून वाचा. नोव्हेंबर 1969 च्या, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि जपानचे पंतप्रधान सातो यांच्या निवेदनात दक्षिण कोरियाची सुरक्षा जपानच्या स्वतःच्या सुरक्षेसाठी ‘अत्यावश्यक’ होती. 1974 मध्ये परराष्ट्रमंत्री तोशिओ किमुरा यांनी भर संपूर्ण द्वीपकल्पाच्या शांततेवर नेला. दक्षिणेचं वेगळं वजन उतरलं. 1975 च्या ऑगस्टमध्ये, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव साम्यवाद्यांच्या हाती पडल्यावर चार महिन्यांच्या आत, पंतप्रधान मिकी आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या भेटीत कोरियाचा प्रश्न पुन्हा जपानच्या सुरक्षेशी जोडला गेला. शब्दांच्या या चढउतारावरून टोकियोची धास्ती बरीच अचूक वाचता येते.

पायरी 4: पुरावा पाच ठिकाणी शोधा

शब्दांचं झालं. उरलेली चार ठिकाणं: पैसा, यंत्रणा, खरेदी, भेटी.

*पैसा.* पहिला धडा असा की फौज निघाली म्हणजे शेजाऱ्याचा संरक्षण खर्च वाढतोच असं नाही. जपानने नोव्हेंबर 1976 मध्ये संरक्षण खर्च सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या 1 टक्क्याच्या आत ठेवायचं ठरवलं होतं आणि माघारीच्या त्या वर्षांतही तो 0.9 टक्क्याच्या आसपासच राहिला. एकूण खर्चाची आलेखरेषा पाहणाऱ्याला काहीच हाती लागणार नाही. आतल्या छोट्या तरतुदी पाहा. 1978 च्या अर्थसंकल्पात अमेरिकी तळांवर काम करणाऱ्या जपानी कामगारांच्या खर्चातला काही वाटा उचलण्यासाठी सुमारे 620 कोटी येन ठेवले गेले. करारानुसार हे पैसे देण्याचं बंधन नव्हतं. संरक्षण संस्थेचे (जपानचं तेव्हाचं संरक्षण खातं) प्रमुख शिन कानेमारू यांनी त्यासाठी वापरलेला शब्द होता ‘ओमोइयारी’, म्हणजे दुसऱ्याची अडचण ओळखून केलेली मदत. दुसऱ्याच वर्षी त्यात तळांवरच्या बांधकामाचीही भर पडली. कोरियातून पाय काढणारा मित्र आपल्याकडून तरी निघू नये, म्हणून त्याच्या राहण्याचा खर्च उचलायला सुरुवात झाली, असा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ पुढच्या पायरीत येईल, आत्ताच निष्कर्ष काढू नका.

*यंत्रणा.* सगळ्यात भक्कम पुरावा इथे मिळतो, कारण यंत्रणा उभारायला वेळ आणि सह्या लागतात. 1975 च्या ऑगस्टमध्ये संरक्षणप्रमुख मिचिता साकाता आणि अमेरिकेचे संरक्षणमंत्री जेम्स श्लेसिंजर टोकियोत भेटले. त्यातून 1976 मध्ये संरक्षण सहकार्य उपसमिती निघाली आणि 27 नोव्हेंबर 1978 ला जपान-अमेरिका संरक्षण सहकार्याची पहिली मार्गदर्शक तत्त्वं मंजूर झाली. त्यांचे भाग तीन: आक्रमण होऊ नये म्हणून तयारी, जपानवर हल्ला झाल्यास काय करायचं, आणि जपानबाहेरच्या पूर्व आशियाई संकटाचा जपानवर परिणाम होत असेल तर सहकार्य कसं करायचं. तिसरा भाग वाचताना कोरिया हे नाव मनातल्या मनात घाला. सुधारित सुरक्षा करार 1960 पासून होता, पण लढाई झाली तर कोण काय करणार, याची संयुक्त लष्करी तयारी कशी करायची याचं लेखी उत्तर तोवर नव्हतं.

*खरेदी.* डिसेंबर 1977 मध्ये जपानने 100 एफ-15 लढाऊ विमानं आणि 45 पी-3सी सागरी टेहळणी विमानं घ्यायचं ठरवलं. तारीख मोहात पाडणारी आहे. सावध राहा.

*भेटी.* माघार स्थगित झाल्यावर आठवड्याच्या आत, जुलै 1979 च्या अखेरीस, संरक्षणप्रमुख गान्री यामाशिता सोलला गेले. पदावर असलेल्या जपानी संरक्षणप्रमुखाची ती पहिलीच कोरिया भेट. दोन देशांमधला इतिहास माहीत असलेल्याला या भेटीचं वजन वेगळं सांगावं लागणार नाही.

पायरी 5: माघारीच्या खात्यावर काय लावायचं नाही

प्रत्येक पुराव्यापुढे एकच प्रश्न लिहा: माघारीचा विषय निघालाच नसता, तरी हे झालं असतं का? उत्तराप्रमाणे ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘अंशतः’ अशी खूण करा. बहुतेक लेखांची गल्लत इथेच होते, म्हणून थोडं थांबतो.

जपानचा राष्ट्रीय संरक्षण कार्यक्रमाचा आराखडा कार्टर यांच्या माघारीमुळे झाला, असं अधूनमधून वाचायला मिळतं. तो मंजूर झाला 29 ऑक्टोबर 1976 ला. कार्टर तेव्हा निवडूनही आले नव्हते. पहिल्या पायरीचा कागद समोर असता तर ही चूक झालीच नसती.

एफ-15 ची खरेदी: खूण ‘होय’. तिच्यामागे मुख्यतः सोव्हिएत संघ होता. सप्टेंबर 1976 मध्ये एक सोव्हिएत वैमानिक मिग-25 घेऊन थेट हाकोदातेच्या विमानतळावर उतरला. खालून उडणारं ते विमान जपानी रडारला वाटेत हरवलं होतं. हवाई संरक्षणातली भोकं त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिली.

तळांचा खर्च: ‘अंशतः’. 1971 पर्यंत डॉलरला 360 येन असा बांधलेला दर होता, तो 1978 मध्ये 200 च्या खाली आला. तळांवरच्या कामगारांचे पगार येनमध्ये, अमेरिकेची तिजोरी डॉलरमध्ये. माघारीचा विषय नसता तरी वॉशिंग्टनने कुरकुर केलीच असती. रकमेचा उगम विनिमय दरात, ती इतक्या तत्परतेने देण्याचं कारण मात्र मित्र टिकवण्यात, असं आमचं वाचन.

मार्गदर्शक तत्त्वं: हीसुद्धा ‘अंशतः’. सुरुवात सायगावनंतरची, कार्टर यांच्या आधीची. पण त्यांना पूर्ण होण्याची निकड मिळाली ती 1977-78 मध्ये. यामाशितांची सोल भेट: ‘नाही’ला सगळ्यात जवळची.

ही खूण करताना मन मोठं ठेवावं लागतं. पाच पुराव्यांपैकी एक-दोनच शुद्ध निघाले, तरी विश्लेषण फसलं असं समजू नका. सगळेच शुद्ध निघाले तर मात्र पुन्हा तपासा.

पायरी 6: भोवतालची हवा

1971 ची माघार मोठी आणि प्रत्यक्ष झालेली. तिच्या आधीच्या हालचालीही जोरात होत्या. 1969 च्या जुलैमध्ये निक्सन यांनी ग्वाममध्ये आशियाई मित्रांनी स्वतःचं रक्षण आधी स्वतः करावं, असं सांगितलं होतं. 1970 मध्ये यासुहिरो नाकासोने संरक्षणप्रमुख झाले, त्यांनी ‘स्वावलंबी संरक्षणा’चा नारा दिला आणि जपानची पहिली संरक्षण श्वेतपत्रिका काढली. चौथ्या पंचवार्षिक संरक्षण योजनेसाठी त्यांनी मांडलेली रक्कम तिसऱ्या योजनेच्या दुपटीहून जास्त होती.

मग फौज गेली, आणि धास्ती वाढण्याऐवजी उतरली. कारण तारखांच्या कागदाबाहेर आहे: 15 जुलै 1971 ला निक्सन यांनी चीन भेटीची घोषणा केली, सप्टेंबर 1972 मध्ये जपाननेही बीजिंगशी संबंध जोडले. ज्याच्या भीतीने फौज ठेवली होती, त्याच्याशीच हस्तांदोलन सुरू झाल्यावर स्वावलंबनाचा नारा कोण ऐकतो? चौथी योजना कापून छोटी झाली. याउलट 1977 ची घोषणा आली ती सायगावच्या पाडावानंतर, सोव्हिएत आरमार प्रशांत महासागरात वाढत असताना.

त्यामुळे माघारीच्या दोन्ही बाजूंची तीन-तीन वर्षं तपासा: मोठ्या शत्रूशी संबंध सैल होताहेत की ताणले जाताहेत? मित्राने नुकतंच दुसरीकडे कुणाला सोडलं आहे का? या दोन उत्तरांनी निम्मं काम होतं.

पायरी 7: यजमानाची प्रतिक्रिया शेजाऱ्यावर कशी आदळते

हे पटकन सांगतो, पण वगळू नका. सोड-चिठ्ठीच्या भीतीने यजमान जे करतो त्याची किंमत शेजाऱ्याकडे येते. पार्क यांच्या सरकारने सत्तरच्या दशकात अण्वस्त्राच्या दिशेने पावलं टाकली. फ्रान्सकडून पुनर्प्रक्रिया प्रकल्प (वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणारा) घेण्याचा करार अमेरिकी दबावाखाली 1976 च्या सुरुवातीला सोडावा लागला. शेजारी अण्वस्त्रधारी होण्याची शक्यता टोकियोला माघारीइतकीच अस्वस्थ करणारी. दुसरं बिल रोख आलं. 1981 मध्ये दक्षिण कोरियातल्या चुन दू-ह्वान यांच्या सरकारने जपानकडे 1000 कोटी डॉलर मागितले. युक्तिवाद असा की साम्यवादाविरुद्धची भिंत आम्ही बांधतो, तिच्या आडोशाला तुम्ही राहता. घासाघीस होऊन 1983 च्या जानेवारीत, आता पंतप्रधान असलेल्या नाकासोने यांच्या सोल भेटीत, 400 कोटी डॉलरवर ठरलं.

सरावासाठी: जर्मनी आणि पोलंड, 2020

रीत हाताला बसते का पाहायचं असेल तर हे प्रकरण घ्या. 29 जुलै 2020 ला अमेरिकेने जर्मनीतून सुमारे 12 हजार सैनिक हलवण्याची योजना मांडली. त्यातले निम्म्याहून जास्त मायदेशी जाणार होते, बाकीचे युरोपात इतरत्र. 15 ऑगस्टला वॉर्सामध्ये अमेरिका-पोलंड वाढीव संरक्षण सहकार्य करारावर सही झाली. पोलंडमधले अमेरिकी सैनिक सुमारे 1 हजाराने वाढणार होते आणि तळांच्या सोयीसुविधांचा मोठा खर्च पोलंड उचलणार होता. फेब्रुवारी 2021 मध्ये जो बायडन यांनी जर्मनीतली माघार गोठवली.

घाईत असलेला माणूस म्हणेल की जर्मनीतून फौज निघाली आणि सतराव्या दिवशी पोलंडने ती ओढून घेतली. पाचवी पायरी लावा. 1 हजार सैनिकांची वाढ 2019 च्या संयुक्त घोषणांमध्येच ठरलेली होती. मग उरलेला प्रश्न: शेजाऱ्याच्या अंगणातून निघणारी फौज स्वतःकडे येण्याची आशा असेल, तेव्हा दुसऱ्या पायरीतली तिन्ही कामं तशीच लिहायची का? आमच्या मते तिसऱ्या कामापासून सुरुवात करावी, कारण वॉर्साला पैसे मोजायचे होते ते डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेसाठी. तपासायला लागणारा माल हाताशी आहे: 2019 च्या दोन्ही घोषणा, कराराचा मजकूर, पोलंडचे त्या दोन वर्षांचे संरक्षण अर्थसंकल्प. जपानच्या प्रकरणासाठी संसदेच्या चर्चांच्या नोंदी, 1976 पासून दरवर्षी निघणाऱ्या श्वेतपत्रिका आणि गोपनीयता उठवलेले अमेरिकी दस्तऐवज वापरा. आधी तारखांचे रकाने भरा आणि तोवर कुणाचंही विश्लेषण वाचू नका.